सशुल्क परदेशी स्वयंसेवा

परदेशात जाऊन, प्रवासखर्च स्वतः करून आणि वर ठरावीक शुल्क भरून, काही दिवस ते काही महिने विनावेतन समाजोपयोगी काम करण्याची पद्धती. अध्यापन, बांधकाम, वन्यजीवांच्या नोंदी, आरोग्यसेवेत साहाय्य अशी कामे तीत येतात. काम करणाऱ्यानेच पैसे द्यावेत हे अनेकांना विपरीत वाटते. पण स्वयंसेवकाने मोबदला घेतला नाही म्हणून काम फुकटात होत नाही. त्याचा खर्च कोणीतरी उचलतच असतो. तो कोण उचलतो यावर काम कोणाच्या सोयीने चालेल हे बऱ्याच अंशी ठरते, आणि या पद्धतीचे गुणदोष तिथेच शोधावे लागतात.

संघटित परदेशी स्वयंसेवेचा आरंभ शुल्काने झाला नाही. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, स्विस शांततावादी पिअर सेरेझोल यांनी व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावाच्या पुनर्बांधणीसाठी श्रमशिबिर भरवले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. 1934 च्या भूकंपानंतर सेरेझोल बिहारमध्ये आले, आणि पुढे 1950 च्या दशकात याच संघटनेच्या स्वयंसेवकांनी बाबा आमटे यांच्या आनंदवनात बांधकामाला हातभार लावला. ब्रिटनमधील ‘व्हीएसओ’ (1958) आणि अमेरिकेचे ‘पीस कोअर’ (1961) यांनी दीर्घ मुदतीच्या नेमणुकांची घडी बसवली. पीस कोअरमध्ये प्रशिक्षण, प्रवास, निर्वाहभत्ता व औषधोपचार यांचा खर्च सरकार करते आणि स्वयंसेवक सुमारे दोन वर्षे देतो. एवढा काळ देणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी सशुल्क वाट खुली झाली.

अल्पमुदतीच्या स्वयंसेवकावर होणारा खर्च सहसा नजरेत भरत नाही. दोन आठवड्यांसाठी शिकवायला आलेल्या तरुणाला विमानतळावरून आणावे लागते. राहण्याजेवणाची व्यवस्था करावी लागते. भाषा येत नसल्याने दुभाष्या लागतो. आजारी पडला तर दवाखान्यात न्यावे लागते. शाळेतल्या शिक्षकाचा वेळ त्याला कामाची माहिती देण्यात जातो, आणि तो रुळतो न रुळतो तोच परतीची तारीख येते. हा भार गरीब शाळेवर टाकणे अन्यायाचे आहे. म्हणून शुल्क मुळात योग्यच म्हणावे लागते. 1971 मध्ये स्थापन झालेल्या ‘अर्थवॉच’ या संस्थेने ही पद्धत संशोधनासाठी वापरली. तेथे स्वयंसेवकांच्या वर्गणीतून क्षेत्रसंशोधनाला पैसा मिळतो आणि ते शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली नोंदी घेतात. काय मोजायचे हे शास्त्रज्ञ ठरवतो, पैसे भरणारा नव्हे.

हा क्रम उलटला की बिघाड होतो. पैसे भरणारा ग्राहक बनतो, आणि मग गावाच्या गरजेपेक्षा त्याला कोणते काम भावते हे पाहिले जाते. कंबोडियातील अनाथालये हे याचे वेदनादायी उदाहरण आहे. 2005 ते 2010 या काळात तेथील अनाथालयांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात होता. परदेशी पाहुण्यांच्या देणग्या व शुल्क हे या वाढीमागचे एक मोठे कारण होते. दर पंधरवड्याला नवा माणूस येऊन लळा लावतो आणि निघून जातो, याचा मुलांच्या मनावर होणारा आघात निराळाच. अखेर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा व पर्यटन यांच्या हानीची दखल घेतली.

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की तिकिटाचे व शुल्काचे पैसे सरळ दान करावेत. परंतु हे पैसे बहुधा प्रत्यक्ष सहभागासाठीच काढलेले असतात. प्रवास रद्द झाला तर ते दानात जातीलच असे नाही. दुसरा असा, की शुल्कावर स्थानिक लोकांचे पोट चालते, तेव्हा फार कठोर होऊ नये. स्वयंपाकी, वाहनचालक, दुभाषे यांना रोजगार मिळतो हे खरेच. पण मुले घरापासून तुटत असतील तर त्या रोजगाराचे समर्थन होऊ शकत नाही. म्हणून शुल्क किती यापेक्षा त्यातला कोणता वाटा यजमान संस्थेकडे जातो, तेच काम स्थानिक माणूस वेतनावर करू शकला असता का, आणि अयोग्य स्वयंसेवकाला नकार देण्याचा अधिकार यजमानाला आहे का, हे पाहिले पाहिजे. पैसे भरूनही ज्याला नकार मिळू शकतो, त्याचेच शुल्क सेवेला हातभार लावते. इतरत्र ती सेवेच्या नावाने झालेली खरेदी असते.