चेतकची चावी

बजाजची चेतक १९७२ साली आली. लायसन्स राजचा काळ. नंबर लावायचा आणि वाट बघायची. कित्येकांची दहा-दहा वर्षं त्यात गेली. परदेशातल्या नातेवाईकाने डॉलर भरले तर लवकर मिळे. त्यामुळे वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई! १९८५ साली बजाजचा कारखाना आमच्या औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला आला, तरी दारात चेतक म्हणजे कौतुकच.

लोक तिला लेकरासारखं पुसत. आणि तरीही रात्री-अपरात्री कुणाला घाटीत पेशंट न्यायचा असला, की तोंडओळखही नसलेल्या माणसाच्या हातात चावी दिली जाई. सोबत सूचना असत. गार असेल तर चोक ओढा. नाहीच सुरू झाली तर डाव्या अंगाला तिरकी करून किक मारा. पेट्रोल संपलंसं वाटलं तर कॉक रिझर्व्हवर फिरवा. आमच्या गल्लीतल्या एका चेतकवाल्यांनी सकाळी गाडी परत आल्यावर आधी पत्र्यावरून हात फिरवला, मग पेशंटचं विचारलं. मला तो क्रम अगदी रास्त वाटतो.

२००९ साली बजाजने स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, आमच्या शहरातल्या मंडळींनी एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्यातली एखादी रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला मिळाली असती? मला नाही वाटत. अर्थात २०१४ पासून १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, मागायची वेळ तरी कुणावर येते!