डिरेक्टरी सर्व्हरवरील पासवर्ड धोरण

डिरेक्टरी सर्व्हरवरील पासवर्ड धोरण हा संस्थेच्या संगणकजाळ्यातील सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांना एकाच ठिकाणाहून लागू होणारा नियमसंच आहे. पासवर्डची किमान लांबी, त्याची मुदत, जुन्या पासवर्डच्या पुनर्वापरावरील बंदी आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद करणे या बाबी त्यात ठरविल्या जातात. खाती व अधिकार एकत्र असल्याने कारभार सुटसुटीत होतो. मात्र हा सर्व्हर संस्थेच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा असल्याने तो गमावल्यास सर्वच व्यवहार थांबतात. नवी मुंबईनजीकच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलला २०१७ मध्ये बसलेल्या सायबर हल्ल्याच्या झळीशी हा विषय निगडित आहे.

== रचना ==

डिरेक्टरी सेवांसाठी 'एक्स.५००' हे मानक १९८८ मध्ये आले. त्याचा हलका पर्याय असलेला 'एलडॅप' हा प्रोटोकॉल १९९३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आकारास आला. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज २०००' सोबत 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' आणली, तर 'ओपनएलडॅप' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे.

सुव्यवस्थित सर्व्हरवर मूळ पासवर्ड न ठेवता गणिती प्रक्रियेने काढलेला त्याचा 'हॅश' साठवितात. हॅशवरून मूळ पासवर्ड थेट उलगडता येत नाही. म्हणून वापरकर्ता पासवर्ड विसरल्यास प्रशासक जुना पासवर्ड सांगू शकत नाही. तो तात्पुरता पासवर्ड देतो आणि पहिल्याच प्रवेशाच्या वेळी तो बदलणे सक्तीचे करतो.

== प्रमुख नियम ==

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ धोरणात किमान ७ अक्षरे, ४२ दिवसांची मुदत आणि मागील २४ पासवर्डांच्या पुनर्वापरास मनाई हे नियम दीर्घकाळ प्रचलित आहेत. 'विंडोज सर्व्हर २००८' पासून एकाच जाळ्यातील निरनिराळ्या गटांना निरनिराळे धोरण लावता येते. त्यामुळे प्रशासकांना अधिक कडक नियम लावणे शक्य झाले. ओपनएलडॅपमध्ये हेच काम 'पीपॉलिसी' हा जोडभाग करतो.

खाते बंद करण्याचा नियम विचारपूर्वक ठरवावा लागतो. मर्यादा फार सैल असल्यास अंदाजाने पासवर्ड ओळखण्यास वाव मिळतो. ती फार कडक असल्यास कोणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड देऊन दुसऱ्याचे खाते बंद पाडू शकतो.

== लांबी आणि मुदत ==

इंग्रजीतील लहान लिपीच्या २६ अक्षरांतून यादृच्छिक निवडलेल्या ८ अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी पर्याय होतात. तेवढ्याच लांबीत मोठी अक्षरे, अंक व चिन्हे धरून ९५ वर्ण वापरल्यास ही संख्या सुमारे ३१,७७० पट होते. परंतु केवळ लहान अक्षरेच ठेवून लांबी १२ केल्यास ती ४,५६,९७६ पट होते. अर्थात, चिन्हांच्या गुंतागुंतीपेक्षा लांबी अधिक उपयुक्त ठरते.

ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची सक्ती केल्यास लोक जुन्याच पासवर्डपुढे अंक वाढवितात किंवा तो कागदावर लिहून ठेवतात. अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशी सक्ती न करण्याची आणि नवा पासवर्ड सर्वज्ञात किंवा फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून मुदतीची अट वगळली.

== न्हावा-शेवा येथील घटना ==

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे जाळे त्यात कोलमडले. याच समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवीत असलेल्या न्हावा-शेवा येथील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

हा प्रोग्रॅम विंडोजमधील त्रुटीचा लाभ घेई. शिवाय संगणकाच्या मेमरीत राहिलेली प्रवेशाची माहिती उचलून पुढील संगणकांत शिरे. पासवर्ड उचललाच जात असेल, तर त्याची लांबी संरक्षण देत नाही. मर्स्कचे सुमारे १५० डोमेन नियंत्रक, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणारे सर्व्हर, नष्ट झाले. घानामधील एक नियंत्रक मात्र वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरील प्रतीवरून डिरेक्टरी पुन्हा उभी करण्यात आली. समूहाला १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले.

== पूरक दक्षता ==

पासवर्ड धोरण अंदाजाने होणारा प्रवेश रोखते. चोरलेल्या पासवर्डाविरुद्ध ते अपुरे पडते. म्हणून प्रशासकांनी दैनंदिन कामासाठी वेगळे खाते वापरणे, प्रवेशासाठी दुसरा पुरावा मागणे, नोकरी सोडलेल्यांची खाती तत्काळ बंद करणे आणि डिरेक्टरीची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवणे आवश्यक मानले जाते. भारतात 'सर्ट-इन' च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात, तर निर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात.