जकातीच्या भिंतीपलीकडचं जेवण

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर 'ला मेर कातरीन' नावाची जुनी खाणावळ आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी लावलेली आहे. ३० मार्च १८१४ रोजी रशियन कझाक शिपाई इथे आले, त्यांनी 'बिस्त्रो! बिस्त्रो!' म्हणजे 'लवकर! लवकर!' अशी आरोळी ठोकली आणि त्यातून 'बिस्त्रो' या खाद्यगृहाचा जन्म झाला, असा त्या पाटीचा आशय. गाइडांनी आणि प्रवासवर्णनांनी ही गोष्ट इतकी फिरवली आहे की ती आता खरी मानूनच सांगितली जाते.

अडचण आहे ती तारखांची. छापील फ्रेंचमध्ये 'बिस्त्रो' हा शब्द पहिल्यांदा सापडतो १८८४ साली, आणि तोही दारूच्या गुत्त्याच्या मालकासाठी वापरलेला. म्हणजे कझाक परत गेल्यावर सत्तर वर्षं हा शब्द कुठेही उमटला नाही. पॅरिसची गल्लीन्‌गल्ली कागदावर उतरवणाऱ्या बाल्झाकच्या काळातही नाही. भाषेचे अभ्यासक वेगळ्या वाटा दाखवतात. पोआतू प्रांताच्या बोलीत हरकाम्या पोराला याच्या जवळचा शब्द होता. उत्तर फ्रान्समध्ये कॉफीत दारू घालून केलेल्या पेयाला 'बिस्तुय' म्हणत. यांतल्या कुठल्याही वाटेवर एकमत नाही; पण कझाकांची वाट बहुतेकांनी सोडून दिली आहे. पाटी तर १९९४ सालची, त्या प्रसंगाच्या १८०व्या वर्षाचं निमित्त साधून लावलेली.

माझं लक्ष मात्र या पाटीकडे वेगळ्याच कारणासाठी गेलं. १८१४ साली मोंमार्त्र पॅरिसमध्ये नव्हतंच. ते शहराच्या वेशीबाहेरचं खेडं होतं. मग शहराबाहेरच्या टेकडीवर, पवनचक्क्यांच्या शेजारी, खाण्यापिण्याची इतकी दुकानं का होती? या प्रश्नाचं उत्तर शिपायांच्या आरोळीत मिळत नाही. ते जकातीच्या वहीत मिळतं.

पिंपामागे कर

जकात म्हटल्यावर मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्या नगरपालिकांच्या कागदांवर तिचं दुसरं नाव होतं 'ऑक्ट्रॉय'. हा मूळचा फ्रेंच शब्द, 'ओक्त्रुआ'. राजानं शहराला 'बहाल केलेला' वसुलीचा हक्क, हा त्याचा मूळ अर्थ. पॅरिसमध्ये येणाऱ्या सरपणावर, गुरांवर, गवतावर आणि सगळ्यात जास्त बोभाटा होई तो म्हणजे दारूवर, वेशीवरच कर भरावा लागे.

या कराची एक खोच होती. द्राक्षाच्या दारूवरचा कर मालाच्या किमतीवर नव्हता, मापावर होता. सरदाराच्या घरी जाणारं उंची बर्गंडीचं पिंप आणि गवंड्यासाठी येणारं आंबट दारूचं पिंप, दोन्हींना वेशीवर सारखाच दर. म्हणजे वस्तू जितकी स्वस्त, तितका तिच्यावर कराचा बोजा मोठा. श्रीमंताला तो जाणवतही नसे. गरिबाच्या पेल्याची किंमत मात्र त्यानं कुठल्या कुठे जाई.

त्यात आणखी एका जुन्या नियमाची भर पडली. १५७७ साली पॅरिसच्या उच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की शहरातल्या दारूच्या व्यापाऱ्यांनी वीस लीगच्या आतली दारू विकत घ्यायची नाही. त्यामुळे शहराला लागूनच असलेल्या मळ्यांतल्या हलक्या, आंबटसर दारूला शहरातला व्यापारी मिळेना. मळेवाल्यांनी मग ती वेशीबाहेरच विकायला सुरुवात केली. या हलक्या दारूला म्हणत 'गँगे'. ती जिथे मिळे, सोबत तळलेलं-शिजवलेलं काही खायला मिळे आणि रविवारी फिडल वाजे, त्या जागेला नाव पडलं 'गँगेत'. उपनगरातल्या फ्रेंच खाणावळीची ही पणजी.

अठराव्या शतकाच्या मध्यावर या धंद्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे जाँ राँपोनो. बेलव्हीलच्या पायथ्याशी, ला कुर्तीय या वस्तीत त्याचं दुकान होतं. शेजारी-पाजारी विकत त्यापेक्षा एक सू कमी, म्हणजे साडेतीन सूला एक पिंट, असा दर त्यानं लावला आणि अख्खं पॅरिस तिकडे लोटलं. मजुरांच्या बाकांवर उमराव बायका येऊन बसू लागल्या. १७६० साली तर व्हॉल्तेअरनं त्याच्या नावानं एक थट्टेखोर कैफियत लिहिली. एका गुत्तेवाल्याच्या नशिबी असा वकील क्वचितच येतो.

शास्त्रज्ञाची भिंत

राँपोनोचा नफा म्हणजे कोणाचं तरी नुकसान होतं. फ्रान्समध्ये अनेक कर सरकार स्वतः गोळा करत नसे. त्यांचा मक्ता दिला जाई. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्यानं दिल्या जात, हे वाचकांना आठवेल. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ देई आणि पुढे जितकी जास्त वसुली होईल तितकी त्याच्या खिशात. पॅरिसच्या वेशीवर चोरटी आयात होते, याची या मक्तेदारांना फार चिंता होती. त्यांच्यापैकीच एकानं उपाय सुचवला: शहराभोवती भिंत बांधा.

हा मक्तेदार म्हणजे आंत्वान लाव्हाझिए. ज्याला आपण आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून शाळेत शिकलो, तोच. १७८४ साली भिंतीचं काम सुरू झालं. लांबी सुमारे चोवीस किलोमीटर, उंची सव्वातीन मीटरच्या आसपास. शत्रूला अडवायला ही भिंत कुचकामी होती. तिचा शत्रू होता दारूचं पिंप. वेशीवरच्या नाक्यांसाठी क्लोद-निकोला लदू या वास्तुविशारदानं देवळांसारख्या खांबांच्या भव्य इमारती उभारल्या. करवसुलीच्या चौकीला मंदिराचं रूप दिलेलं पाहून लोक आणखीच चिडले. भिंतीखालून भुयारं खणली गेली. भिंतीवरून कोट्या झाल्या.

आणि मग जुलै १७८९ आला. बास्तीय तुरुंगाचा पाडाव १४ जुलैचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीचे दोन-तीन दिवस जमाव काय करत होता, हे फारसं सांगितलं जात नाही. तो जकात नाके जाळत होता. चौपन्नपैकी बहुतेक नाके त्या दिवसांत पेटले. क्रांतीची पहिली आग लागली ती ब्रेडच्या आणि दारूच्या भावावरून.

१ मे १७९१ रोजी वेशीवरचे कर रद्द झाले आणि दारूच्या गाड्या बिनजकात शहरात शिरल्या. भिंतीची कल्पना काढणाऱ्या लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला तो ८ मे १७९४ रोजी, आणखी सत्तावीस मक्तेदारांसोबत. पण शहराला पैसा हवाच असतो. १७९८ साली, दवाखाने आणि अनाथालयांच्या खर्चाचं नाव सांगून, जकात परत आली. नाके जळले होते, भिंत मात्र जागेवरच होती.

वेस सरकते तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भिंतीबाहेरची खेडी रविवारच्या गर्दीवर गब्बर झाली. कामगाराची कमाई शहरात आणि खर्च वेशीपलीकडे, असा रिवाजच पडला. पानात काय असे? पांढऱ्या दारूत शिजवलेला ससा. लाल दारूतला ईल माशाचा रस्सा. आणि आपण मांदेली कुरकुरीत तळतो तसे नदीतले बोटभर मासे. सगळं जवळपासचं, सगळं स्वस्त. क्लिशी नाक्याबाहेरच्या लातुईल यांच्या खाणावळीपाशी तर ३० मार्च १८१४ची लढाईसुद्धा झाली. पुढे १८७९ साली एदुआर माने यानं त्याच खाणावळीच्या बागेत बसलेल्या जोडप्याचं चित्र काढलं.

मग १ जानेवारी १८६० रोजी सरकारनं वेसच हलवली. बेलव्हील, मोंमार्त्र, बेर्सी, ला व्हिलेत ही बाहेरची गावं पॅरिसमध्ये सामील झाली. बारा प्रभागांचे वीस झाले. जुनी भिंत पाडली गेली आणि जकात वसूल होऊ लागली ती १८४०च्या दशकात बांधलेल्या बाहेरच्या तटावर. ज्या बाकावर बसून लोक बिनजकातीची दारू पीत होते, तो बाक एका रात्रीत शहराच्या हद्दीत आला. बाक तोच राहिला, पेला महागला.

एमिल झोलाची 'लासोम्वार' ही १८७७ची कादंबरी याच सीमेवर घडते. तिच्यातली धोबीण जर्व्हेझ हिच्या लग्नाचं जेवण जुन्या भिंतीच्या रस्त्यावरच्या एका दारूवाल्याकडे होतं, माणशी पाच फ्रँक वर्गणी काढून. शेवटी बिलावरून व्हायचा तो वाद होतोच. गरिबाच्या मेजवानीत हिशेब कसा सगळ्यांच्या डोक्यात सतत चालू असतो, हे झोलानं नेमकं पकडलं आहे.

स्वस्त जेवणाला आता आणखी लांब जावं लागणार होतं, आणि त्याची सोय आगगाडीनं केली. पॅरिसहून पश्चिमेला सेंट जर्मेनच्या दिशेनं जाणारी गाडी ऑगस्ट १८३७मध्येच सुरू झाली होती. पूर्वेला मार्न नदीकडे जाणारी १८५९मध्ये. ज्या गावांना जायला सकाळ मोडायची, ती आता अर्ध्या तासावर आली. सेन नदीकाठच्या शातू इथे फूर्नेज नावाच्या होड्या बांधणाऱ्या सुतारानं होड्या भाड्यानं देता देता खाणावळ थाटली. ओग्युस्त रन्वार यानं १८८०-८१मध्ये रंगवलेलं 'होडीवाल्यांचं जेवण' हे चित्र याच खाणावळीच्या सज्जातलं. चित्र पाहावं ते त्यातल्या माणसांसाठी. शिवणकाम करणारी आलीन शारिगो कुत्र्याच्या पिल्लाशी खेळते आहे. समोर धनिक चित्रकार कायबोत आहे. मागे उंच टोपीतला, बँकवाल्या घराण्यातला एफ्रुसी. कठड्याला टेकलेली मालकाची मुलगी. पॅरिसच्या दिवाणखान्यात ही मंडळी एका टेबलाशी बसली नसती. उपनगरातल्या या सज्जात बसली. हे चित्र आज वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहे.

कोळसा आणि पेला

शहराच्या आतल्या बिस्त्रोची गोष्ट मात्र स्थलांतरितांची आहे. फ्रान्सच्या मध्यभागातल्या ओव्हेर्न्य या डोंगराळ, नापीक प्रदेशातून माणसं पॅरिसला पोट भरायला येत. आधी त्यांनी घराघरांत पाणी वाहिलं. नळ आल्यावर लाकूड-कोळसा विकला. कोळशाच्या दुकानात नवरा गोण्या पोचवायला गेला की बायको गल्ल्यामागे गिऱ्हाइकाला पेला भरून देई. 'दारू आणि कोळसा' अशा पाट्या लागल्या. लोक त्यांना थट्टेनं 'बून्या' म्हणत. १८८० साली नवा गुत्ता उघडायला परवानगीऐवजी नुसतं निवेदन पुरेसं ठरलं आणि हा धंदा झपाट्यानं पसरला. दोनच वर्षांनी, १८८२मध्ये, या लोकांनी 'लोव्हेर्न्या द पारी' हे स्वतःचं वृत्तपत्र काढलं. मुंबईच्या उडुपी हॉटेलांची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही साखळी ओळखीची वाटेल: गावाकडचा माणूस, आधी पोऱ्या, मग गल्ल्यावर, मग स्वतःचं दुकान. 'बिस्त्रो' हा शब्द १८८४ साली छापून येतो तो याच वर्षांत, हे मला त्या कझाकांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

रविवारची सुट्टी कायद्यानं मिळाली १९०६ साली; भरपगारी रजेचे दोन आठवडे १९३६ साली. दोन्ही वेळा नदीकाठच्या खाणावळींना भरती आली. १९३६मध्येच द्युव्हिव्हिए यांच्या 'ला बेल एकिप' या चित्रपटात जाँ गाबँ आणि त्याचे बेकार मित्र लॉटरीच्या पैशांतून मार्नकाठी गँगेतच उभारतात. अचानक पैसा मिळालेल्या कामगाराला तेव्हा पडणारं स्वप्न ते होतं. पुढे मोटारगाडी आली, टीव्ही आला, नद्या घाण झाल्या आणि बहुतेक गँगेत मिटल्या. काही मात्र टिकल्या. मार्नकाठच्या जॉइनव्हीलला 'शे जेजेन'मध्ये लोक आजही नाचतात. २०२५च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये सेन नदी पोहण्यासाठी पुन्हा खुली झाली, हीही या गोष्टीतली ताजी नोंद.

वेस गेली तरी

उपनगराला फ्रेंचमध्ये 'बाँलिय' म्हणतात. शहराचा हुकूम जिथवर चालतो तो सभोवारचा एक लीगचा टापू, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्या पंचक्रोशीचा भाऊबंद. हुकूम शहराचा, पण शहराच्या सोयी नाहीत, हा पेच त्या शब्दातच आहे. म्हणून उपनगरातल्या खाणावळीचा इतिहास नुसता चवीचा राहत नाही. कोणी कुठे बसून जेवायचं, हे पदार्थापेक्षा वेशीनं ठरवलं. राँपोनोच्या गिऱ्हाइकाला भिंतीबाहेरची हवा आवडत होती की नाही, हा प्रश्नच नव्हता. आतलं त्याला परवडत नव्हतं. दमणकडे सुट्टीच्या दिवशी वळणाऱ्या गाड्यांचं गणित याहून फार निराळं नाही.

फ्रान्समधली जकात १९४३ साली संपली. मुंबईची १ जुलै २०१७ रोजी. पॅरिसची हद्द आजही बव्हंशी १८६०चीच आहे, फक्त तिथे पहारा आता नाकेदाराचा नसून घरभाड्याचा आहे. मेट्रोच्या दोन आणि सहा नंबरच्या गाड्या लाव्हाझिएच्या भिंतीच्या रेषेवरूनच शहराला वळसा घालतात. लदूच्या चौक्यांपैकी चारच ठिकाणच्या इमारती उरल्या आहेत. ला व्हिलेतची गोल चौकी त्यांतली एक. आपल्याकडे दहिसरचा, मुलुंडचा नाका जकातीविना नुसत्या नावानं उरला आहे. त्या नाक्यांच्या अलीकडे-पलीकडे ट्रकवाल्यांसाठी उभ्या राहिलेल्या चहाच्या आणि जेवणाच्या टपऱ्यांची नोंद अजून कोणी नीट केलेली माझ्या वाचनात नाही. ती करणारी माणसं अजून हयात आहेत, टपऱ्याही काही काळ असतील. कोणीतरी वही घेऊन जायला हवं.