राष्ट्राध्यक्ष हरले, स्पेलिंग जिंकलं!

पाचवीत मी 'थ्रू'चं स्पेलिंग टी-एच-आर-यू असं लिहिलं आणि दहा वेळा बरोबर लिहून आणायची शिक्षा झाली. तेव्हा ठाऊक असतं तर म्हटलं असतं, बाई, माझ्या बाजूने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आहेत!

गोष्ट 1906 ची. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेले अँड्र्यू कार्नेगी. त्यांना वाटायचं, इंग्रजी जगाची भाषा झाली की शांतता नांदेल, फक्त ते स्पेलिंग तेवढं आडवं येतंय. मग काय, स्वतःच्या पैशाने त्यांनी विद्वानांचं एक मंडळ उभं केलं. मंडळाने सोप्या स्पेलिंगच्या 300 शब्दांची यादी काढली.

तशी तक्रार खोटी नव्हती. 'नाइट'मधलं जी-एच एकेकाळी खरंच उच्चारलं जायचं, साधारण 'निख्त' असं. इंग्लंडात 1476 मध्ये छपाई आली, हळूहळू स्पेलिंग गोठलं, आणि जीभ मात्र पुढे निघून गेली.

थिओडोर रूझवेल्ट यांना ही यादी पसंत पडली. ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी छापखान्याला थेट हुकूमच सोडला: आजपासून हेच स्पेलिंग. संसदेला विचारलंही नाही!

गंमत बघा, यादीतले कितीतरी शब्द अमेरिकेत आधीच रुळलेले होते. यू गाळलेला 'ऑनर', तसाच 'लेबर'. पण लोकांच्या डोळ्यांत खुपलं ते टी-एच-आर-यू, आणि 'किस्ड'ऐवजी के-आय-एस-टी. वर्तमानपत्रांना तर पर्वणीच. काहींनी राष्ट्राध्यक्षांच्या आडनावाचीच 'सुधारणा' करून टाकली. आरमाराच्या पाहणीच्या वेळी म्हणे पत्रकारांच्या बोटीवर 'प्रेस बोट' अशी पाटी होती, एक एस आणि एक ए गाळून. ती बघून रूझवेल्टसुद्धा हसले.

संसद मात्र हसली नाही. डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने 142 विरुद्ध 24 मतांनी जुनंच स्पेलिंग ठेवा म्हणून सांगितलं. रूझवेल्टनी माघार घेतली. स्वतःच्या पत्रांत वापरीन म्हणाले, झालं. कार्नेगी आणखी काही वर्षं पैसे ओतत राहिले, पण 1919 मध्ये गेले तेव्हा मृत्युपत्रात मंडळासाठी छदाम नव्हता.

आपण फार हसायला नको. आपल्याकडेही उच्चारात नसलेले अनुस्वार वर्षानुवर्षं डोक्यावर बसले होतेच की. 1962 च्या नियमांनी ते उतरवले, आणि ते टिकलं, कारण सरकार आणि पाठ्यपुस्तकं त्या नियमांमागे उभी राहिली. इंग्रजीला असा एक मालकच नाही. वॉशिंग्टनचा हुकूम लंडनमध्ये कोण ऐकणार?

आणि आता अमेरिकेत गाडीत बसूनच बर्गर घ्यायचा असेल, तर 'ड्राइव्ह-थ्रू'ची पाटी वाचा. तिथे मोठ्या अक्षरांत टी-एच-आर-यू. माझ्या वहीत त्याच चार अक्षरांवर लाल फुली आहे.