पोथीला लिपीचे कुलूप

दर्यापूर तालुक्यातल्या लासूरचे आनंदेश्वर मंदिर यादवकाळातले. त्याचे दगड जिथे बसवले तिथेच आजही उभे आहेत. याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांना विचारून, पडताळून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मंदिर कोणी उचलून नेत नाही. पोथी मात्र झोळीत घालून गावोगाव हिंडवता येते, आणि म्हणूनच ती वाटेत हरवते, लुटली जाते, भलत्याच्या हाती पडते. आज खिशात फिरणारा पेन ड्राइव्ह त्याच जातीचा. हलत्या माहितीची राखण हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. वऱ्हाडाने तो सातशे वर्षांपूर्वी सोसला आणि त्यावर दोन उपाय काढले. त्या उपायांमध्ये आधी कोणता आणि मग कोणता, हे आपण विसरलो आहोत.

पहिला धक्का हरवण्याचा होता. अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये अचलपूरमार्गे देवगिरीवर चालून गेला आणि पुढची काही वर्षे हा मुलूख धाडींखाली राहिला. त्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ तरीही टिकला, कारण तो फक्त कागदावर नव्हता. हिराइसेसारख्या अनुयायांना लीळा मुखोद्गत होत्या. त्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. आज त्याचे वेगवेगळे पाठ सापडतात आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. संशोधकांना ही अडचण वाटते, पण एकुलती एक प्रत ठेवल्याची किंमत किती असते, याचा इतका स्पष्ट पुरावा मराठीत दुसरा नाही. पहिला उपाय यातूनच निघाला: पुढे पंथाने पोथ्यांच्या नकला करत राहण्याला धर्मकार्याचे मोल दिले, आणि मठांबरोबर त्या नकला पंजाबात, थेट पेशावर-काबूलपर्यंत पोहोचल्या.

दुसरा उपाय चौदाव्या शतकातला. ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणाऱ्या रवळोबासांच्या नावावर सांगितली जाणारी सकळ लिपी, आणि तिच्यामागून सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा अनेक. मजकूर मराठीच, पण प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह. पोथी चोरीला गेली तरी चोराच्या हाती नुसता कागद लागावा, ही त्यामागची योजना. यावर आक्षेप घेतला जातो की हे रक्षण नव्हे, ही सांप्रदायिक गुप्तता. अनधिकाऱ्याने वाचू नये एवढाच हेतू. हेतू तोही होता, हे मान्यच करायला हवे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बाधत नाही, उलट बळच देतो. ज्याला वाचण्याचा हक्क नाही त्याच्या हाती वस्तू पडली तरी अर्थ पडू नये, हीच तर सांकेतिक रक्षणाची व्याख्या. पेटीला कुलूप लावणे वेगळे आणि मजकुरालाच कुलूप लावणे वेगळे. महानुभावांनी दुसरे केले.

ते कुलूप कच्चे होते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अक्षराला अक्षर बदलले तरी भाषेतली नेहमीची अक्षरे तितक्याच वेळा येत राहतात, आणि त्या मोजणीवरून किल्ली काढता येते. बगदादच्या अल-किंदीने हे नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. शिवाय एकच किल्ली साऱ्या पोथ्यांना. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्सने नियम घालून दिला की पद्धत शत्रूला कळली तरी चालावे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिचा उलगडा केला तेव्हा त्या लिपीतले सगळेच वाङ्मय एकदम उघडले. मराठीचे ते भाग्यच, कारण तोवर ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ मराठी वाचकालाच बंद होता. कुलूप टिकले आणि किल्ली असणारे हात कमी झाले, तर रक्षण आणि नाश यांत फरक उरत नाही.

आजचे कुलूप पक्के आहे. २००१ पासून प्रमाण मानली गेलेली एईएस ही सांकेतिक कुलपाची पद्धत जगजाहीर आहे, किल्ली मात्र प्रत्येक उपकरणाची वेगळी. २००९ पासून विंडोजच्या काही आवृत्त्यांत पेन ड्राइव्हला असे कुलूप लावण्याची सोयही आहे. पण सोय असणे आणि ती वापरणे यांत अंतर राहते. २००७ मध्ये ब्रिटनच्या करखात्याच्या दोन सीडी टपालात हरवल्या. त्यांवर अडीच कोटी लोकांची माहिती होती, पासवर्ड होता, मजकूर मात्र उघडाच होता. पासवर्ड विसरला तर सगळेच जाईल, या भीतीने माणसे कुलूप टाळतात. ती भीती खरी आहे आणि तिचे उत्तर रिद्धपूरच्या त्या क्रमातच आहे: आधी दुसरी प्रत, मग कुलूप, आणि किल्ली किमान दोन विश्वासू माणसांकडे.

रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्या निमित्ताने दर्यापूर, अचलपूर, मोर्शी या भागात ज्यांच्या घरी किंवा मठात जुन्या पोथ्या असतील, त्यांनी त्यांची छायाचित्रे करून घ्यावीत. ती एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नयेत, आणि कुलूप लावले तर त्याची किल्ली पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी आजच सांगून ठेवावी.