वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : संत्र्यांच्या पट्ट्यातील पथ्ये

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौसर हा संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेला मराठीभाषक पट्टा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना तेथील रोजचे जेवणही नव्याने शिकावे लागते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. त्यामुळे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतर घोटलेले वरण, पुढे मऊ अन्न आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचा आहार, असा क्रम असतो. ज्वारीची भाकर प्रारंभी वरणात कुस्करून घ्यावी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने आवश्यक असल्याने ताटातील डाळ, दही, पनीर वा अंडे आधी खावे. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोटघोट प्यावे.

संत्र्याच्या रसातून साखर झपाट्याने शरीरात जाते; फोडीवरील पापुद्रा व पांढरे तंतू जठरात गोळा होऊन अडथळा आणू शकतात. म्हणून पापुद्रा काढून केवळ गर, नीट चावून खावा. पोळ्याच्या सणाला पुरणपोळीचा आग्रह होतो; विशेषतः बायपास झालेल्यांना गोडामुळे घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात.

वारंवार उलट्या झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदू व मज्जातंतूंची कायमची हानी संभवते. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासणी आयुष्यभर आवश्यक असते. वजन उतरले म्हणून त्या थांबवू नयेत.