मॅग्नीटोची जुळी मुले: एका वंशावळीचे पुनर्लेखन

लोकप्रिय वाङ्मयातील खलनायकाला सहसा घरदार नसते. त्याला गुहा असते, किल्ला असतो, हाताखालची माणसे असतात. पण बायको, मुले, जावयाशी अबोला असला संसार लेखक त्याच्या वाट्याला येऊ देत नाही. कारण उघड आहे. संसार आला की माणूस समजू लागतो, आणि समजू लागलेल्या माणसाचा निर्भेळ द्वेष करणे अवघड जाते. अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्सच्या मॅग्नीटो या खलपुरुषाला मात्र, तो वाचकांसमोर आल्यानंतर सोळा वर्षांनी, दोन जुळी मुले 'झाली'. पुढे पस्तीस वर्षांनी ती त्याच्याकडून काढूनही घेण्यात आली. मुले वारली नाहीत, दुरावली नाहीत. ती कधी त्याची नव्हतीच, असे जाहीर झाले. या देण्याघेण्याचा इतिहास पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कॉमिक्सचे नाव काढताच मराठी विभागांत अजूनही नाके मुरडली जातात, याची कल्पना आहे. पण आपल्यापैकी अनेकांचे बालपण १९६४ पासून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सवर पोसले गेले, आणि ली फॉकचा फँटम आपल्याला 'वेताळ' या नावाने मराठीतून भेटला, हेही खरे. त्या वेताळाची वंशावळ आठवून पाहावी. बापानंतर मुलगा, त्याच्यानंतर त्याचा मुलगा, अशा एकवीस पिढ्या. प्रत्येकाची कवटीवर हात ठेवून घेतलेली तीच शपथ. त्या घराण्यात पितृत्वाचा प्रश्न कुणी विचारीत नाही, कारण तेथे वारसा ही सरळ रेघ आहे. योगायोग असा की १९७९ साली फॉकने वेताळालाही किट आणि हेलॉइज ही जुळी अपत्ये दिली. त्याच वर्षी मॅग्नीटोच्या जुळ्यांचा उलगडा सुरू झाला. एकीकडे वंश पुढे चालावा म्हणून मुले आली. दुसरीकडे ती मागल्या दाराने आली आणि आधीच्या पंधरा वर्षांच्या गोष्टींचा अर्थ बदलून बसली.

मूळ गोष्ट साधी आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये 'एक्स-मेन' सुरू केले. जन्मतःच विलक्षण शक्ती घेऊन येणाऱ्या 'म्यूटंट' माणसांची ही कथा, आणि लोहचुंबकत्वावर हुकमत चालवणारा मॅग्नीटो हा पहिल्याच अंकातील प्रतिपक्ष. मार्च १९६४ च्या चौथ्या अंकात त्याच्या टोळीत एक भाऊ-बहीण दिसतात. पिएत्रो म्हणजे क्विकसिल्व्हर, वाऱ्यासारखा धावणारा आणि तितकाच तापट. वांडा म्हणजे स्कार्लेट विच, जिच्या नुसत्या हातवाऱ्याने घडू नये ते घडते. चेटकीण समजून गावकरी वांडाच्या जिवावर उठले असता मॅग्नीटोने तिला वाचवले होते. त्या उपकाराखाली दोघे दबलेली आहेत. तो त्यांना नोकरांसारखे राबवतो, दरडावतो. पुढे १९६५ मध्ये ती त्याला सोडून 'अ‍ॅव्हेंजर्स' या नायकांच्या संघात जातात. हा आपल्याच लेकरांना राबवणारा बाप आहे, अशी पुसटही सूचना या अंकांत सापडत नाही. आज ते अंक वाचणाऱ्याला मात्र ती जागोजागी दिसते. हा दोष वाचकाचा नाही. पुढच्या लेखकांनी त्याच्या डोळ्यांवर ठेवलेला तो चष्मा आहे.

आधी त्या दोघांना भलताच बाप मिळाला होता. १९७४ मध्ये रॉय टॉमस यांनी जुन्या, युद्धकाळातल्या कॉमिक्समधील व्हिझर आणि मिस अमेरिका या जोडप्याला त्यांचे आईबाप ठरवले. जुन्या पिढीचे नायक नव्या पिढीच्या नायकांचे जन्मदाते असावेत, हा त्यामागचा विचार. विचार नीटस होता, आणि नीटस असल्यामुळेच निर्जीव. त्यातून कुणालाच काही सोसावे लागत नव्हते.

१९७९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या अंकांत मार्क ग्रुएनवाल्ड, स्टीव्हन ग्रँट आणि डेव्हिड मिशेलिनी यांनी हे उलटवले. ट्रान्सिया या काल्पनिक देशातील वुंडागोर पर्वतावर, गायीपासून मनुष्यरूपाला आणलेली बोव्हा नावाची सुईण खरी हकीकत सांगते. एका हिमाळ रात्री माग्दा नावाची गरोदर स्त्री तेथे आश्रयाला आली. नवऱ्याला प्राप्त झालेल्या भयंकर शक्तीला भिऊन ती पळाली होती. जुळ्यांना जन्म देऊन ती निघून गेली आणि पुन्हा दिसली नाही. मुले जँगो आणि मार्या मॅक्सिमॉफ या रोमा दांपत्याच्या पदरात पडली. नवऱ्याचे नाव बोव्हाला ठाऊक नाही. पण त्याच सुमारास 'एक्स-मेन'च्या १२५ व्या अंकात मॅग्नीटो एका स्त्रीच्या प्रतिमेकडे पाहत तिची आठवण काढतो, आणि ती स्त्री माग्दा असते. दोन्ही मालिका जॉन बर्न रेखाटत होते. एका मासिकात प्रश्न आणि दुसऱ्यात उत्तर! दोन्ही मासिके विकत घेणाऱ्या वाचकालाच बाप कळला. मुलांना तो १९८३ च्या आरंभी कळला, म्हणजे तब्बल तीन वर्षे पात्रांपेक्षा वाचक शहाणा होता. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी या तीन वर्षांकडे अवश्य पाहावे.

आपल्याकडच्या वाचकाला येथे लव-कुश आठवल्यावाचून राहणार नाहीत. आश्रमात जन्मलेली जुळी, बापाला न ओळखणारी, आणि त्याच्याच समोर उभी ठाकणारी. फरक मात्र मुळाशी आहे. सीतेचा त्याग होतो. माग्दा स्वतः नवऱ्याचा त्याग करते. आणि लव-कुशांची ओळख पटते तेव्हा त्यांना राजवंश मिळतो, वांडा-पिएत्रोंना मात्र कलंक मिळतो. बिल मँटलो यांनी लिहिलेल्या १९८३ च्या त्या प्रसंगात, पिएत्रोच्या मुलीचा, लूनाचा, जन्म झालेला आहे. नातीमुळे विरघळलेला म्हातारा आपले नाते सांगायला येतो आणि दोन्ही मुले त्याला झिडकारतात. उपकारकर्ता म्हणून त्याला सोडणे त्यांना जमले होते. बाप म्हणून सोडणे कधीच जमत नाही. पुढच्या तीस वर्षांच्या कथा या एका अडचणीवर उभ्या आहेत.

पण या नात्याला वजन आले ते दुसरीकडून. १९८१ मध्ये क्रिस क्लेअरमाँट यांनी 'एक्स-मेन'च्या १५० व्या अंकात मॅग्नीटोला भूतकाळ दिला: तो आउश्वित्झमधून वाचलेला माणूस आहे. किटी प्राइड या कोवळ्या वयाच्या ज्यू मुलीवर त्याच्या हातून जीवघेणा आघात होतो, आणि आपण कुणासारखे झालो आहोत हे त्याला उमगते. जगावर राज्य करू पाहणारा माथेफिरू या एका अंकात, पुन्हा तसे घडू न देण्याच्या हट्टाने आंधळा झालेला माणूस बनतो. पुढे ग्रेग पाक यांच्या 'मॅग्नीटो: टेस्टामेंट'मध्ये (२००८-०९) त्याचे बालपण जवळपास ऐतिहासिक कादंबरीच्या शिस्तीने लिहिले गेले. तेथे माग्दा ही रोमा मुलगी आहे आणि आउश्वित्झमधील रोमांच्या छावणीत अडकलेली आहे. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ती छावणी रिकामी करण्यात आली, म्हणजे तेथे उरलेल्या हजारो बायका-मुलांना आणि वृद्धांना वायुकोठड्यांत मारण्यात आले. हा इतिहास आहे. कॉमिक्सवाल्यांनी तो रचलेला नाही.

आता ही सगळी पाने एकत्र ठेवावीत. बाप ज्यू, आई रोमा. दोघेही एकाच मृत्यूछावणीतून निसटलेली. मुले रोमा कुटुंबात वाढलेली, आणि त्यातल्या मुलीला गावकरी चेटकीण म्हणून मारायला धावलेले. ली आणि कर्बी यांनी १९६४ मध्ये सहज रेखाटलेला तो जमाव आता सहज राहत नाही. वांडा आणि पिएत्रो ही युरोपातील दोन संहारांची संयुक्त वारसदार ठरतात. कुणा एका लेखकाने हे योजले नव्हते. चार-पाच जणांनी, निरनिराळ्या वर्षी, एकमेकांची अर्धवट वाक्ये पूर्ण करीत ते घडवले. सामूहिक लेखनातून क्वचितच इतके सुसंगत काही निपजते, म्हणूनच मला ते मोलाचे वाटते.

वारसा मिळाला की त्याची पुनरावृत्तीही आली. व्हिजन या कृत्रिम मानवाशी लग्न केलेल्या वांडाला स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९८६ मध्ये जादूच्या बळावर जुळे मुलगे दिले. १९८९ मध्ये बर्न यांनी ते मुळात मेफिस्टो या सैतानाच्या आत्म्याचे तुकडे होते असे दाखवून नाहीसे केले, आणि आईच्या मनातून त्यांची आठवणही पुसून टाकली. ही कथा मला क्रूर वाटते, आणि त्याहून अधिक आळशी. पण तिची जखम पुढच्यांना उपयोगी पडली. ब्रायन मायकेल बेंडिस यांच्या २००५ च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये मुलांच्या दुःखाने भान हरपलेली वांडा, पिएत्रोच्या भरीला पडून, सारे जगच बदलते: म्यूटंट सत्ताधीश, आणि मॅग्नीटोचे घराणे सिंहासनावर. शीर्षकातील 'हाउस' म्हणजे घर आणि घराणे दोन्ही. हे सारे आपल्या नावावर पिएत्रोने घडवले हे कळताच बाप मुलावर तुटून पडतो. आणि मुलगी बापाच्या आयुष्यभराच्या ध्येयावरच घाव घालते. तिच्या एका वाक्यासरशी जगातील बहुतेक म्यूटंट आपली शक्ती गमावतात. म्यूटंटांचे राज्य मागणाऱ्या बापाला लेकीने दिलेले हे उत्तर, ती त्याची लेक असल्यामुळेच इतके भयंकर आहे.

त्याच वर्षी सुरू झालेल्या अ‍ॅलन हाइनबर्ग यांच्या 'यंग अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये बिली आणि टॉमी हे दोन तरुण अवतरले: दोन वेगळ्या घरांत वाढलेले, चेहऱ्याने एकसारखे. वांडाचे हरवलेले जुळे ते हेच. बिली ज्यू कुटुंबात वाढलेला आहे आणि समलिंगी आहे. आजोबा म्हणून मॅग्नीटो त्याच्या आयुष्यात येतो तेव्हा तीन पिढ्यांची साखळी पुरी होते.

आणि मग २०१४. 'अ‍ॅक्सिस' या कथामालेत वांडा आपल्या रक्ताच्या नात्यांवर एक शाप सोडते. तो पिएत्रोला लागतो, मॅग्नीटोला लागत नाही. म्हणजे तो बाप नव्हे. पुढच्या वर्षी खुलासा आला की ही दोघे म्यूटंटही नाहीत. हाय इव्होल्यूशनरी या शास्त्रज्ञाने प्रयोग करून त्यांना शक्ती दिल्या. नंतर जेम्स रॉबिन्सन यांनी नतालिया मॅक्सिमॉफ ही त्यांची जन्मदात्री ठरवली. आधी छापलेल्या गोष्टीचा अर्थ मागे जाऊन बदलण्याच्या या युक्तीला तेथील वाचक 'रेटकॉन' म्हणतात. १९७९ चा बदलही रेटकॉनच होता, हे विसरता कामा नये; तेव्हा एकाला हळहळ आणि दुसऱ्याला टाळ्या हा न्याय कसा? माझे उत्तर असे की १९७९ च्या बदलाने पात्रांवर ओझे टाकले, २०१४ च्या बदलाने ते उतरवले. ओझे उतरलेली पात्रे हलकी होतात, दोन्ही अर्थांनी.

या बदलामागे चित्रपटांचे हक्क असावेत, असा तर्क तेव्हाच अनेक वाचकांनी केला. काळ तर जुळतो. म्यूटंटांचे चित्रपट-हक्क तेव्हा फॉक्सकडे होते; मार्व्हलच्या स्वतःच्या २०१५ च्या चित्रपटात वांडा-पिएत्रो आली ती मॅग्नीटोशिवाय, 'म्यूटंट' या शब्दाशिवाय, आणि रोमा असल्याच्या उल्लेखाशिवाय, सोकोविया नावाच्या काल्पनिक देशातली अनाथ मुले म्हणून. फॉक्सच्या २०१६ च्या 'एक्स-मेन: अपोकॅलिप्स'मध्ये मात्र उलटे घडले. तेथे मुलाला बाप कोण ते ठाऊक आहे, बाप समोर उभा आहे, आणि मुलगा सांगत नाही. छापील पानांवर जे नाते रद्द झाले होते ते पडद्यावर अबोलपणे शिल्लक राहिले.

आपल्याकडे रामायणाची नाना रूपे शेजारी शेजारी नांदतात. विदर्भातील भवभूतीने 'उत्तररामचरिता'त शेवटी राम-सीतेचे मीलन घडवले म्हणून वाल्मीकीची सीता भूमीतून परत आली नाही; दोन्ही ग्रंथ एकाच कपाटात राहिले. मार्व्हलच्या जगाला ही सोय नाही. तेथे एकच अखंड इतिहास मानायचा असतो, आणि त्याची मालकी कंपनीची. नवी नोंद झाली की जुनी खोटी ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र ती नोंदवही बंधनकारक नाही. त्याने १९८३ चा अंक १९८३ चा म्हणून वाचावा. त्या पानावर नातीला पाहून विरघळलेला म्हातारा खोटा नाही.

शिवाय लेखकही पूर्णपणे आज्ञाधारक राहिलेले नाहीत. २०२१ च्या 'ट्रायल ऑफ मॅग्नीटो'मध्ये, रक्ताचा संबंध नाही हे दोघांनाही ठाऊक असताना, तो वांडाला मुलगीच मानतो. दरम्यान लोर्ना डेन या हिरव्या केसांच्या मुलीचे प्रकरण वेगळेच चालले होते. १९६८ मध्ये ती मॅग्नीटोची मुलगी असल्याचे सांगितले गेले, लगेचच ते खोटे ठरले, आणि पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, ती खरोखरच त्याची मुलगी असल्याचे सिद्ध झाले.